खेळतं कोण

"मी खेळते." हे वाक्य गेल्या पावसाळ्यात मला इतक्या वेळा म्हणावं लागलं की शेवटी शेवटी मी ते वर्गात हजेरी दिल्यासारखं म्हणायला लागले. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी रिक्षातून मशीन नेलं, काउंटरवर ठेवलं आणि सांगितलं की खेळता खेळता स्क्रीन काळी पडते. दुकानदार माझ्या मागे बघायला लागला. मागे कुणीच नव्हतं. मग तो अदबीनं म्हणाला, "काकू, खेळतं कोण? त्यालाच घेऊन आला असता तर बरं झालं असतं." मी म्हटलं, त्यालाच घेऊन आलेय, बोला.

माझा जन्म मुलींच्या शाळेत गणित शिकवण्यात गेला. गुडघ्यांनी जिन्याला नकार दिला तेव्हा मुदतीआधीच नोकरी सोडली. निवृत्त बाईनं काय करावं हे आमच्या गल्लीत बाई सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. भजनी मंडळात जावं, नातवंडं खेळवावीत, गच्चीवर कुंड्या ठेवाव्यात. मला नातवंडं नाहीत, भजनात माझा सूर लागत नाही, आणि नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येणाऱ्या गावात मी कुंड्यांना काय पाजू?

नणंदेचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आला होता. दिवसभर लॅपटॉपवर बंदुकांचा खेळ खेळायचा. मी सहज मागे उभी राहिले तर म्हणाला, "मामी, हे तुला नाही जमणार." एवढं बोलून त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. सुट्टी संपायच्या आत मी त्याला हरवत होते. त्यात जादू काही नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये आयुष्यभर पर्यवेक्षण केलेल्या बाईला साठ मुलींमधून कुणाची मान पाव इंच वळली ते दिसतं. खेळात तेच काम होतं. छतावर लपून बसायचं, समोरच्या इमारतीत काय हलतंय ते बघायचं आणि घाई करायची नाही.

मग मी माझ्या पैशातून माझं मशीन घेतलं. नीट, खेळण्यासाठी बनवलेलं, चित्रासाठी वेगळं दमदार कार्ड असलेलं. उन्हाळ्याचे दिवस होते आणि असलं मशीन भट्टीसारखं तापतं. आमच्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीत ताटं सरकवायची एक चौकोनी खिडकी आहे. मी मशीनचा डबा त्या खिडकीत बरोब्बर बसवला, तोंड हॉलकडे आणि पाठ स्वयंपाकघराकडे. थंड हवा पुढून आत जाणार, गरम हवा मागून स्वयंपाकघरात आणि तिथून एक्झॉस्ट फॅननं बाहेर. या योजनेचा मला फार अभिमान होता. सोलापूरचा अख्खा मे महिना मशीननं हूं की चूं केलं नाही.

खेळताना आम्ही चौघं असायचो, चार गावची चार माणसं, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलणारी. आमची कॅप्टन म्हणजे अकलूजच्या एका डेअरीच्या ऑफिसात काम करणारी मुलगी. पहिल्या दिवशी माझा आवाज ऐकून ती म्हणाली होती, "काकू, जरा मुलाकडे द्या ना माइक." मी म्हटलं, मुलगा नाही, मीच आहे. पलीकडून दबकं हसू आलं. पण पहिल्याच डावात मी छतावरून तिघांना टिपलं आणि हसू थांबलं. तेव्हापासून छतावरची जागा माझी. पुढे आम्ही दर रविवारी संध्याकाळी होणाऱ्या सामन्यांत उतरायला लागलो.

श्रावण लागला आणि दुखणं सुरू झालं.

संध्याकाळी खेळ ऐन रंगात यायचा, अचानक आवाज घर्रर्र करून एका जागी अडकायचा, स्क्रीन काळी पडायची. थोड्या वेळानं चित्र परत यायचं, पण खेळ बंद झालेला असायचा. कोपऱ्यात एक निरोप यायचा की डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडला होता, आता सुरू झाला आहे. ड्रायव्हर म्हणजे त्या चित्राच्या कार्डाशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम. तो कोसळला की कार्ड मुकं होतं. तिकडे माझे तीन साथीदार छताखाली उभे आणि छतावर कुणीच नाही. असं तीन रविवार झालं. कॅप्टन चांगली मुलगी आहे, पण ती काही माझी भाची नाही. तिनं स्पष्ट सांगितलं की काकू, पुढच्या वेळीही असंच झालं तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल. मला राग आला नाही. परीक्षेला वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलीला मीही तेच सांगितलं असतं.

घरात मात्र प्रत्येकाचं निदान तयार होतं. माझे यजमान सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. फायलीतून न सुटणारा प्रश्न दुसऱ्या टेबलावर ढकलायचा ही त्यांची सवय. ते म्हणाले, हे तुझं वय नव्हे हे मशीनला कळतंय, तुला कळत नाही. सासूबाई, ज्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं आत्या म्हणते, त्या उजनी धरणाच्या काठच्या गावच्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी निदान केलं नाही. मशीनला त्या आधीपासूनच 'त्ये घुमणारं' म्हणायच्या.

मी ठरवलं की माझ्या पद्धतीनं जायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की उत्तर बरोबर आलं तरी ते कशानं आलं हे कळत नाही. हे मी मुलींना ओरडून ओरडून सांगायचे. आधी जुना ड्रायव्हर मुळासकट उपटून काढला आणि नवा घातला. संध्याकाळी स्क्रीन काळी. मग नवा काढून जुन्यातला जुना घातला. काळी. खेळातलं चित्र साधं केलं, सावल्या बंद, पाण्याची चमक बंद. खेळ पंचायतीच्या टीव्हीसारखा दिसायला लागला, तरी स्क्रीन काळी. केबल बदलली, डबा उघडून ब्रशनं धूळ काढली, वीज कमी-जास्त होते म्हणून स्टॅबिलायझर लावला. काळी ती काळीच.

मशीन तापत असेल, असं मी दुकानदाराला म्हटलं, तर तो हसला. "काकू, तापायचं असतं तर मेमध्ये तापलं असतं. आता पावसात कशाला तापेल?" हे मलाही पटलं. त्यानं मशीन ठेवून घेतलं, दोन दिवस चालवलं, आणि काही दोष नाही म्हणून परत दिलं. वर प्रेमानं सल्ला दिला की जरा साधे खेळ खेळा, पत्ते वगैरे. मी त्याला विचारलं, तू दुकानात पत्ते का खेळत नाहीस?

घरी आणून दुपारी लावलं तर तीन तास सलग चाललं. संध्याकाळी लावलं तर अर्ध्या तासात काळं. दुपारी शहाणं आणि संध्याकाळी वेडं, असं मशीन मी ऐकलं नव्हतं. आणखी एक गोष्ट होती, पण ती मी कुणाला सांगितली नाही, कारण सांगितली असती तर माझ्या डोक्याचीच तपासणी झाली असती. बंद पडायच्या आधी मशीनमधून ज्वारी भाजल्याचा वास यायचा.

त्या आठवड्यात दोन गोष्टी माझ्या कानावर आल्या, दोन्ही त्याच खिडकीतून. खिडकी मशीननं भरली असली तरी आवाज अडत नाही. पहिली अशी की यजमान स्वयंपाकघरात उभे राहून भाच्याशी फोनवर बोलत होते. सोमवारी ये आणि मशीन घेऊन जा, तुझ्या अभ्यासाला तरी लागेल, इथे नुसता मनस्ताप आहे. दुसरी जास्त लागली. शेजारच्या वहिनी विरजण न्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं की आजी, हे एवढं लाल-निळे दिवे लागणारं कुणाचं? सासूबाई म्हणाल्या, "नातवाचं हाय. पुण्याला न्यायचं हाय त्याला."

मी हॉलमध्ये बसून ते ऐकलं. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. घरात चोरून दारू पिणारं कुणी असतं तर त्याच्यावर जसं पांघरूण घातलं असतं, तसं माझ्यावर घातलं होतं. मी काय चोरलं होतं? आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलींची उत्तरं तपासली, डबे भरले, पाहुणे जेवू घातले, आणि आता दिवसातले दोन तास माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून खेळते. त्यात लाज कुणाची आणि कशाची?

जेवताना मी यजमानांना सांगितलं की भाच्याला सोमवारी जरूर येऊ दे. रविवारी सामना आहे. त्यात मशीन बंद पडलं तर मी स्वतः खोक्यात भरून देईन आणि पुन्हा नाव काढणार नाही. नाही पडलं तर तो मामीच्या हातचं जेवून रिकाम्या हातानं पुण्याला जाईल. ते म्हणाले, अगं, हट्ट कशाला? मी म्हटलं, हट्टच आहे.

आता माझ्या हातात थोडेच दिवस होते. पटलेलं असो वा नसो, न तपासलेली एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे ताप. स्क्रीनच्या कोपऱ्यात कार्डाचा ताप दाखवणारा आकडा लावून ठेवला आणि शुक्रवारी संध्याकाळी खेळायला बसले. बराच वेळ आकडा जिथल्या तिथे होता. मग तो चढायला लागला. मी खेळात काही वेगळं करत नव्हते, एका भिंतीआड नुसती बसून होते, तरी आकडा चढतच होता. आणि आला, तो ज्वारीचा वास आला.

या वेळी मी स्क्रीन काळी व्हायची वाट बघितली नाही. हेडफोन काढला आणि गुडघे काय म्हणतात ते न ऐकता स्वयंपाकघरात गेले.

सासूबाई ओट्याशी स्टुलावर बसल्या होत्या. खिडकीत मशीनच्या पाठीला चिकटून तारेची जाळी उभी केलेली, तिच्यात पातळ भाकऱ्या एकीला एक लावून ठेवलेल्या, आणि वरून पंचा टाकून सगळं नीट गुंडाळलेलं. तान्ह्या बाळाला गुंडाळावं तसं. गरम हवेला बाहेर पडायला बोटभरही जागा नव्हती.

"आत्या, हे काय?"

"भाकरी हाय की."

"इथे का ठेवलीय?"

"पावसाळ्यात कडक भाकर मऊ पडती. ह्येच्यातनं चांगलं गरम वारं येतंय." मग त्यांनी मशीनकडे कौतुकानं बघितलं. "आन भाकर झाली की आपसूक बंद पडतंय. लई शाणं मशीन हाय."

मी ओट्याला टेकले. सगळं कोडं एका दमात सुटलं. उन्हाळ्यात भाकरी हवेनंच कडक राहते, म्हणून मेमध्ये मशीन ठीक होतं. दुकानात भाकऱ्या नव्हत्या, म्हणून तिथे दोष नव्हता. दुपारी सासूबाई झोपतात. आणि संध्याकाळी मशीन गुदमरून बंद पडलं, वारं थांबलं, की भाकऱ्या झाल्या असं समजून सासूबाई त्या डब्यात भरून ठेवायच्या. मी उठून बघेपर्यंत तिथे काहीच नसायचं. अख्खा श्रावण मी ड्रायव्हर उपटत होते, लोकांची बोलणी खात होते, आणि रोज रात्री त्याच भाकऱ्या शेंगाचटणीबरोबर चवीनं मोडून खात होते.

आधी मी भडकले. तोंडाशी आलेलं सगळं बोलणार होते. पण 'लई शाणं मशीन' आठवलं आणि हसू फुटलं ते आवरेना. त्या घाबरून बघत राहिल्या. मग मी त्यांना समजावून सांगितलं की त्याला मागून श्वास सोडावा लागतो, तो अडला की ते तापतं आणि बंद पडतं. ते मुद्दाम बंद होत नाही. त्यांचा चेहरा उतरला. भाकऱ्या काढून त्यांनी पंचाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली.

"म्हंजी तुजा खेळ म्याच मोडला व्हय रोज?"

ते खरंच होतं.

"त्याला सांगू नगंस," त्या हळूच म्हणाल्या. त्याला म्हणजे त्यांच्या मुलाला. "लई बोलंल मला."

यजमान बोलले असते, हे मलाही ठाऊक होतं. आणि सांगितलं असतं तर माझं काम त्याच क्षणी झालं असतं. बघा, मशीनचा दोष नाही, माझाही नाही, तुमच्या आईच्या भाकऱ्या. पण ऐंशी ओलांडलेल्या बाईला पुढे करून मला जिंकायचं नव्हतं. माझं मशीन आहे, मी खेळते, म्हणून ते इथे राहील. त्याला दुसऱ्या कुणाची चूक कशाला लागावी? यजमानांनी विचारलं, काही सापडलं का? मी म्हटलं, रविवारी बघा. ते म्हणाले, कालपर्यंत तर बंद पडत होतं. मी म्हटलं, बघा म्हटलं ना.

तरी रविवारी खेळायला बसायच्या आधी मी दोनदा स्वयंपाकघरात जाऊन मशीनची पाठ बघून आले. कारण सापडलं हे डोक्याला कळलं होतं, पण इतक्या वेळा तोंडावर पडल्यावर विश्वास लगेच बसत नाही. भाचा सोमवारची वाट न बघता दुपारीच आला होता, थर्माकोलसकट खोकं घेऊन. ते खोकं हॉलच्या कोपऱ्यात उभं होतं आणि खेळताना मला डाव्या डोळ्याच्या कडेला दिसत होतं. यजमान पेपर उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

पहिला डाव आम्ही घेतला. दुसरा गेला. तिसऱ्यावर सगळं होतं. मी छतावर होते आणि एक डोळा कोपऱ्यातल्या आकड्यावर. तो चढला असता तर मला कळलं असतं. पण तो चढेना. उलट दोन अंशांनी खाली आला. एवढी धुमश्चक्री चाललेली असताना आकडा खाली कसा येतो, हे मला समजेना. कॅप्टन कानात सारखं विचारत होती की काकू आहात ना, आणि मी दर वेळी सांगत होते की आहे.

तेवढ्यात मशीनच्या खिडकीतून शेजारच्या वहिनींचा आवाज आला. हेडफोन मी एका कानावरून सरकवलेलाच होता. विरजणाची वाटी घेऊन आल्या असाव्यात. "अगंबाई आजी, सूप घेऊन हे काय चाललंय? वारा कुणाला घालताय?"

"मशीनला."

"नातवाचं ना ते? न्यायला आलाय म्हणे तो."

"नातवाचं न्हाय," सासूबाई म्हणाल्या. आवाज चांगला खणखणीत होता, हॉलमध्ये पेपरामागे बसलेल्यालाही ऐकू जाईल असा. "सुनेचं हाय. ती खेळती. आज तिची मॅच हाय. तू जरा सरक बाई, वारं आडतंय."

पेपर खाली आला. भाचा खोक्यावर बसला होता तो उठून उभा राहिला. मला डोळ्यांपुढे धूसर दिसायला लागलं, आणि ते मशीनमुळे नव्हतं. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर काहीतरी हललं ते मला दिसलं, पण उशिरा दिसलं. मी झाडली ती गोळी चुकली. त्यांची चुकली नाही.

आम्ही हरलो. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत तसं लिहून आलं, लख्ख, रंगीत, एकही रेघ न हलता. ते वाचताना मला जो आनंद झाला तो मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही. कित्येक आठवड्यांनी मी स्वतःच्या चुकीनं हरले होते. ड्रायव्हर नाही, वीज नाही, वय नाही. मी नेम चुकवला, एवढंच. कॅप्टन म्हणाली, "काकू, तो दुसऱ्या मजल्यावरचा दिसला कसा नाही तुम्हाला?" माझ्या खेळावरून मला आधी कुणी असं बोललं नव्हतं. तोवर सगळे मला सांभाळून घेत होते. मी म्हटलं, पुढच्या वेळी दिसेल.

यजमानांनी पेपरची घडी घातली. त्यांनी भाच्याला विचारलं की तुझी पुण्याची गाडी उद्या कितीची आहे, आणि खोकं उचलून माळ्यावर टाकलं.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई स्टुलावर बसून उजवा दंड चोळत होत्या. मांडीवर सूप होतं, धान्य पाखडायचं, त्यांच्या माहेरहून आलेलं. भाकऱ्या पलीकडे गॅसच्या शेगडीजवळ पंच्यात ठेवल्या होत्या, मशीनपासून चांगल्या हातभर लांब.

"जिंकलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही आत्या. हरलो."

"मग परत कवा हाय?"

"पुढच्या रविवारी."

"मग ह्ये हितंच ऱ्हाऊ दे," असं म्हणून त्यांनी सूप खिडकीच्या बाजूच्या खिळ्याला अडकवलं.